पालेर्मो येथील एक भेट

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९५७ सालापासून एक जुनी चित्रवही जपून ठेवलेली आहे. हातात सहज धरता येईल एवढीच ती आहे. १६२१ ते १६२७ ह्या काळात इटलीत हिंडणाऱ्या अँथनी व्हॅन डाइक ह्या फ्लेमिश चित्रकाराची ती वही. तिची बहुतेक पाने पूर्वसूरींच्या, विशेषतः व्हेनिसच्या टिशियनच्या, चित्रांवरून घाईघाईने केलेल्या टिपणांनी भरली आहेत. तरुण गवयाने मैफलीच्या कोपऱ्यात बसून थोरांच्या चिजा मनात टिपून घ्याव्यात, तसाच हा प्रकार. मजकूर तीत फार थोडा. मात्र चाळता चाळता एका पानाशी आपला हात थांबतो. त्या पानावर खुर्चीत बसलेल्या, मस्तकावरून वस्त्र घेतलेल्या एका अतिवृद्ध स्त्रीचे शाईने काढलेले रेखाचित्र आहे, आणि त्याच्याभोवती इटालियन भाषेत बराच मोठा मजकूर लिहिलेला आहे. स्थळ पालेर्मो, तारीख १२ जुलै १६२४.

ह्या एका पानाची हकीकत आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे. ते ज्या दिवशी लिहिले गेले त्या दिवशी पालेर्मो शहरात प्लेगने माणसे मरत होती. लिहिणारा पंचवीस वर्षांचा होता आणि जिच्याविषयी लिहिले ती नव्वदी ओलांडलेली होती. अशा वेळी, अशा ठिकाणी, ही दोन माणसे एकत्र बसून बोलली ती चेहऱ्यावर प्रकाश कसा घ्यावा ह्याविषयी. हे आश्चर्य थोडे समजावून घेण्याजोगे आहे.

प्रथम त्या तरुणाची ओळख करून घेऊ. व्हॅन डाइकचा जन्म २२ मार्च १५९९ रोजी अँटवर्प येथे एका कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. एकोणिसावे वर्ष पुरे होण्याच्या आतच चित्रकारांच्या संघाने त्याला स्वतंत्र कारागीर म्हणून मान्यता दिली. त्या काळी अँटवर्पमध्ये रूबेन्सचा सूर्य तळपत होता. व्हॅन डाइक त्याच्या चित्रशाळेत काम करू लागला आणि गुरूचा उजवा हात ठरला. परंतु मोठ्या वृक्षाच्या छायेत वाढणाऱ्या रोपाला एक दिवस ती छाया सोडावीच लागते. १६२१ च्या अखेरीस तो इटलीस निघाला. जिनोआ, रोम, व्हेनिस असा त्याचा प्रवास झाला. जिनोआच्या धनाढ्य घराण्यांनी त्याच्याकडून आपली चित्रे काढून घेतली. रोममध्ये त्याच्याच मुलखातील चित्रकारांची एक टोळी होती; गुत्त्यांत रमणाऱ्या त्या मंडळींना ह्याची उंची वस्त्रे आणि सरदारी ढंग सोसवेनात. ते त्याची टवाळी करीत. ह्या तरुणाला कीर्ती हवी होती, आणि ती राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतून मिळते हे त्याने फार लवकर ओळखले होते. १६२४ च्या वसंत ऋतूत तो जहाजात बसून सिसिली बेटाकडे निघाला, तो ह्याच ओढीने. पालेर्मो येथे सिसिलीचा व्हाइसरॉय राहत होता आणि त्याचे चित्र काढावयाचे होते.

पालेर्मो म्हणजे भूमध्य समुद्राच्या मध्यावरील उन्हाचे शहर. उत्तरेस बंदर, पाठीशी डोंगरांची अर्धवर्तुळाकार रांग, आणि मध्ये लिंबा-नारिंगांच्या बागांनी भरलेले सपाट मैदान. ह्या मैदानाला तेथील लोक 'सोन्याची ओंजळ' अशा अर्थाचे नाव देतात. बंदराच्या कडेला मोन्ते पेल्लेग्रिनो नावाचा सुमारे सहाशे मीटर उंचीचा एक उघडा, करडा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. फिनिशियन लोकांनी वसविलेले हे नगर नवव्या शतकात अरबांच्या हाती गेले, अकराव्या शतकात ते नॉर्मन लोकांनी जिंकले, आणि त्यांच्या राजांनी आपल्या प्रार्थनामंदिराचे छत अरब कारागिरांकडून सजवून घेतले. व्हॅन डाइक तेथे पोहोचला तेव्हा शहराच्या मध्यभागी, दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात तेथे, एक अष्टकोनी चौक नुकताच बांधून पुरा झाला होता. त्याच्या चार कोपऱ्यांवर कारंजी आणि पुतळे ह्यांनी नटलेल्या चार भव्य दर्शनी भिंती आहेत. सूर्य आकाशात कोठेही असो, त्यांपैकी एका तरी भिंतीवर त्याचा प्रकाश पडलेला असतो. म्हणून त्या चौकाला 'सूर्याची रंगभूमी' असे नाव पडले. अँटवर्पच्या ढगाळ आकाशाखाली वाढलेल्या चित्रकाराला ह्या शहरात पहिल्या दिवशी काय वाटले असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो.

त्या वेळी सिसिलीवर सत्ता होती स्पेनच्या राजाची. येथे आपल्याकडील एक धागा सहज जुळतो. १५८० ते १६४० ह्या काळात स्पेन व पोर्तुगाल ह्यांचा राजा एकच होता. त्यामुळे १६२४ साली ज्या चौथ्या फिलिपचा व्हाइसरॉय पालेर्मोच्या राजवाड्यात बसत होता, त्याच फिलिपचा दुसरा व्हाइसरॉय गोव्यात, मांडवीच्या काठी, राज्यकारभार पाहत होता. गोव्याचा हा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा म्हणजे वास्को द गामाचा पणतू. पालेर्मोचा व्हाइसरॉय एमान्युएले फिलिबेर्तो हा सॅव्हॉयच्या राजकुळातला, दुसऱ्या फिलिपचा नातू आणि स्पॅनिश आरमाराचा सेनानी. वय छत्तीस वर्षांचे.

व्हॅन डाइकने काढलेले त्याचे चित्र आज लंडनजवळ डलिच येथील चित्रशाळेत पाहावयास मिळते. सोन्याची नक्षी केलेले पोलादी चिलखत, गळ्याभोवती झालरीची शुभ्र पट्टी, हातात सेनापतीचा दंड, असा तो राजपुत्र आपल्यापुढे उभा आहे. चिलखताची नक्षी इतकी हुबेहूब उतरली आहे की माद्रिदच्या राजशस्त्रागारात ते खरेखुरे चिलखत आजही ओळखता येते. ज्या कामासाठी हा तरुण आला होता ते काम उत्तम झाले. सगळे काही योजल्याप्रमाणे पार पडले असते, तर तो दोन-चार महिन्यांत आणखी काही सरदारांची चित्रे काढून, द्रव्य व शिफारसपत्रे घेऊन परतला असता, आणि ह्या प्रवासाविषयी बोलावे असे फारसे काही उरले नसते.

परंतु मे महिन्यात ट्यूनिसहून एक जहाज आले. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामगिरीत खितपत पडलेले आणि खंडणी देऊन सोडवून आणलेले ख्रिस्ती लोक होते. व्यापाराचा मालही होता. ट्यूनिसकडे प्लेग असल्याची कुणकुण होती. तरीही जहाजाला बंदरात घेण्यात आले. जून महिन्यात शहरात प्लेग पसरल्याचे उघड झाले. पुढचा क्रम आपल्या परिचयाचा आहे. शहराचे दरवाजे आणि बंदर बंद झाले. रोग्यांना गावाबाहेरच्या इस्पितळात हलविण्यात येऊ लागले. ज्या घरी रोगी सापडे त्या घराला कुलूप लागे, कपडे जाळले जात. उन्हाने न्हालेल्या त्या देखण्या चौकातून प्रेतांच्या गाड्या जाऊ लागल्या. परगावचा पाहुणा चित्रकार आत अडकून पडला.

अशा ह्या दिवसांत, १२ जुलैला, तो एका वृद्ध बाईंच्या दारी गेला. त्यांचे नाव सोफोनिस्बा आंग्विसोला.

ह्या बाई कोण होत्या हे सांगितल्यावाचून त्या भेटीचे मोल कळावयाचे नाही. त्यांचा जन्म उत्तर इटलीतील क्रेमोना गावी १५३२ च्या सुमारास झाला. सहा बहिणी आणि एक भाऊ. त्यांत सोफोनिस्बाबाई सर्वांत थोरल्या. त्यांचे वडील आमिल्कारे हे खानदानी गृहस्थ. परंतु मुलींना शिवणटिपण आणि जपजाप्य एवढेच यावे, ह्या समजुतीत न अडकणारे. त्यांनी आपल्या मुलीला वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास बेर्नार्दिनो काम्पी ह्या चित्रकाराकडे शिकावयास पाठविले. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. स्त्रीला उघड्या मानवी देहाचा अभ्यास करण्याची मुभा नव्हती, आणि त्या अभ्यासावाचून मोठी पौराणिक किंवा धार्मिक चित्रे रचणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा ह्या मुलीने जे हाती होते त्यालाच हात घातला. आपला चेहरा, आपल्या बहिणी, आपली दाई, घरातले बुद्धिबळाचे पट, ह्यांचीच चित्रे त्यांनी काढली. माणसाचा चेहरा हेच त्यांचे शास्त्र झाले.

वडिलांनी मुलीची रेखाटने थेट रोमला मायकेलअँजेलोकडे पाठविली. त्या महापुरुषाने एका हसऱ्या मुलीचे त्यांचे चित्र पाहिले आणि सुचविले की, रडणारा मुलगा काढणे ह्याहून कठीण आहे. सोफोनिस्बाबाईंनी उत्तरादाखल आपल्या धाकट्या भावाचे चित्र पाठविले. खेकड्याने बोट पकडल्यामुळे तो कळवळून रडतो आहे आणि शेजारी बहीण त्याला सावरते आहे. हे रेखाचित्र नेपल्सच्या संग्रहालयात आजही आहे. वेदनेच्या क्षणी चेहऱ्याची घडी कशी मोडते ह्याचे इतके साधे व खरे निरीक्षण त्या वयात क्वचित आढळते.

१५५९ मध्ये त्यांना स्पेनच्या दरबाराचे बोलावणे आले. दुसऱ्या फिलिपची तरुण राणी एलिझाबेथ हिच्या सहवासातील मानकरीण म्हणून त्या माद्रिदला गेल्या. राणीला चित्रकलेची आवड होती. बाई तिच्या सखीही झाल्या आणि शिक्षिकाही. तेथे त्यांनी राजकुटुंबाची अनेक चित्रे काढली. मात्र दरबारातील मानकरणीने चित्राचे दाम घेऊन खाली सही ठोकावी, हा रिवाज नव्हता. चित्रे सहीवाचून राहिली. पुढे त्यांतील कित्येक चित्रे दरबारच्या पुरुष चित्रकारांच्या नावावर जमा झाली आणि शतकानुशतके तशीच राहिली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील दुसऱ्या फिलिपचे एक प्रसिद्ध चित्र ह्या बाईंच्या हातचे आहे, हे अलीकडच्या संशोधनाने ठरले.

राणी अकाली वारली. १५७३ मध्ये सोफोनिस्बाबाईंचा विवाह फाब्रित्सिओ मोंकादा ह्या सिसिलियन सरदाराशी झाला. पाच-सहा वर्षांतच त्याला समुद्रात मरण आले. वैधव्याच्या स्थितीत त्या माहेरी परत निघाल्या, तेव्हा जहाजाचा तांडेल ओरात्सिओ लोमेल्लिनी ह्याच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि घरच्यांची नाराजी पत्करून त्यांनी त्याच्याशी लग्न केले. पुढची सुमारे पस्तीस वर्षे त्या जिनोआत राहिल्या आणि उतारवयात पतीबरोबर पालेर्मोला आल्या. व्हॅन डाइकचा गुरू रूबेन्स ह्याने त्यांच्या चित्राची नक्कल अभ्यासासाठी केली होती. जिनोआतही त्यांचे नाव घरोघरी माहीत होते. तेव्हा त्या तरुणाने पालेर्मोत आल्यावर त्यांची भेट घ्यावी, हे स्वाभाविकच होय. स्वाभाविक नव्हता तो काळ.

आता आपण त्या पानाकडे वळू. व्हॅन डाइक लिहितो की बाईंचे वय शहाण्णव वर्षांचे आहे. आजच्या हिशेबाने ते ब्याण्णवच्या आसपास असावे. पण नव्वदीनंतर दोन-चार वर्षांचा घोळ कोणी मनावर घेत नाही. स्मरणशक्ती आणि बुद्धी अजून तल्लख आहेत, वागणे अतिशय सौजन्याचे आहे, अशी तो नोंद करतो. वार्धक्यामुळे दृष्टी गेल्यासारखीच झाली होती. तरीही कोणी चित्र पुढे ठेवले की त्यांना हर्ष होई. त्या नाक चित्राला टेकेल इतक्या जवळ चेहरा नेत, आणि मोठ्या कष्टाने थोडेसे का होईना पाहून घेत. हात मात्र अजून स्थिर होता, तो जराही कापत नव्हता. आपल्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी त्यांनी त्याला सांगितल्या, आणि ह्या बाई जातिवंत चित्रकार आहेत अशी त्याची खात्री पटली. डोळ्यांअभावी आता चित्र काढता येत नाही, हे त्यांचे सर्वांत मोठे दुःख होते.

तो त्यांचे चित्र रेखाटू लागला तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना आपल्यापुढे बसविले, त्या आज स्वतः बसल्या होत्या. त्यांनी त्याला काही सूचना केल्या. त्यांतली एक अशी की, प्रकाश फार उंचावरून घेऊ नये. घेतला तर म्हातारपणाच्या सुरकुत्यांतील सावल्या फार मोठ्या होतात.

ह्या सूचनेत थट्टेचा अंश असेलही. नव्वदीच्या बाईंनाही आपण बरे दिसावे असे वाटले तर त्यात गैर काय? पण त्यात धंद्याचे फार पक्के ज्ञान आहे. पूर्वीचे चित्रकार खोलीच्या एका उंच खिडकीतून उजेड घेत. उजेड जितका वरून येईल तितक्या भुवयांच्या, नाकाच्या आणि हनुवटीच्या सावल्या लांब खाली पडतात. तरुण, गुळगुळीत चेहऱ्यावर ह्याने उठाव येतो. वृद्ध चेहऱ्यावर मात्र प्रत्येक सुरकुतीची दरी होते, डोळे खोबणीत बुडतात, आणि पाहणाऱ्याला माणूस न दिसता केवळ म्हातारपण दिसते. पालेर्मोत जुलै महिन्यात भर दुपारी रस्त्यावर उभे राहिले की हेच होते: सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि ओळखीचे चेहरेही कवटीसारखे भासू लागतात. उजेड थोडा खाली आणला, बाजूने, सकाळच्या उन्हासारखा येऊ दिला, तर सुरकुत्या पुसल्या जात नाहीत. त्या आपल्या जागीच राहतात, पण त्यांच्या मागचा माणूस दिसू लागतो. दृष्टी गमावलेल्या एका चित्रकर्तीने डोळस चित्रकाराला दिलेला हा पाठ होता. तो इतका मोलाचा वाटला की त्याने तो तारखेसह लिहून ठेवला. ह्या भेटीनंतरचे बाईंचे एक तैलचित्र इंग्लंडमधील नोल येथील वाड्यात आहे. त्यात अंधारातून उजळलेला तो चेहरा पाहताना त्यांची सूचना व्हॅन डाइकने मानली होती असे मला वाटते.

ह्या भेटीनंतर तिसऱ्याच दिवशी, १५ जुलैला, मोन्ते पेल्लेग्रिनोवरील एका गुहेत काही अस्थी सापडल्या. बाराव्या शतकात रोझालिया नावाच्या एका सरदारकन्येने राजवाड्यातील सुखाचा त्याग करून त्या डोंगरावर एकान्तात देह ठेवला, अशी दंतकथा लोकांत होती. अस्थी तिच्याच, असे लोक म्हणू लागले. ३ ऑगस्टला खुद्द व्हाइसरॉय प्लेगला बळी पडला. सोनेरी नक्षीच्या त्या चिलखताने त्याचे रक्षण केले नाही. कारभार आर्चबिशप कार्डिनल दोरिया ह्यांच्या हाती आला. व्हॅन डाइकचा आश्रयदाता तर गेला. आता ह्या परदेशी चित्रकाराचे पुढे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे एकाच प्रकारे दिले जात असे. १६७२ मध्ये रोममध्ये बेल्लोरी नावाच्या लेखकाने चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्यात त्याने लिहिले की, प्लेगच्या भीतीने व्हॅन डाइक पालेर्मोतून एखाद्या पळपुट्यासारखा घाईने निघून गेला. उंची वस्त्रांचा शौकीन, सरदारांच्या मागे असणारा तरुण. तो पळाला हे सर्वांना पटण्यासारखे होते. परंतु पुढे कागदपत्रे हाती आली, आणि १६२५ च्या ऑगस्ट महिन्यात तो पालेर्मोतील एका धर्मसंघाशी चित्राचा करार करताना आढळतो. म्हणजे प्लेग सुरू झाल्यानंतर वर्ष उलटून गेले तरी त्याचा शहराशी संबंध तुटलेला नव्हता. प्रारंभी दरवाजे बंद होते म्हणून तो अडकला असेल. पण त्या दिवसांत तो काय करीत होता हे त्याची चित्रेच सांगतात.

शहराला त्या वेळी एका चेहऱ्याची गरज होती. आगाथा, क्रिस्तिना, निन्फा आणि ओलिव्हा अशा चार संत स्त्रिया पालेर्मोच्या पूर्वापार रक्षणकर्त्या मानल्या जात. संकटात त्या पावल्या नाहीत असे लोकांना वाटू लागले आणि त्यांची श्रद्धा रोझालियाकडे वळली. परंतु रोझालिया दिसते कशी? तिच्या अस्थी सापडल्या होत्या, पण तिच्या चित्राचा सर्वमान्य असा साचा नव्हता. तो व्हॅन डाइकने घडविला. जोगिणीचे जाडेभरडे वस्त्र, मोकळे सोडलेले सोनेरी केस, गुलाबांचा मुकुट, जवळ एक कवटी, आणि वर उचललेली करुण नजर: ही त्याची रोझालिया. ह्या विषयावरची त्याची किमान पाच चित्रे आज निरनिराळ्या देशांत विखुरलेली आहेत. त्यांतील एकात ती ढगांतून वर जाते आहे, देवदूत तिला तोलून धरीत आहेत, आणि खाली पालेर्मोचे बंदर व मोन्ते पेल्लेग्रिनो दिसत आहे. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १८७१ मध्ये, म्हणजे आपल्या अगदी पहिल्या खरेदीत, विकत घेतले.

ह्याच चित्राविषयी एक विलक्षण गोष्ट क्ष-किरणांनी उघडकीस आणली. रंगांच्या खाली, त्याच कापडावर, एक दुसरे अर्धवट चित्र आहे. आणि ते आहे व्हॅन डाइकचे स्वतःचे. आपला चेहरा काढावयास घेतलेल्या कापडावर त्याने रोझालिया रंगविली. बंदर बंद असल्याने नवे कापड मिळाले नसेल, असा तर्क करता येतो, आणि तो बहुधा बरोबरच आहे. त्यात उगाच गूढ अर्थ शोधावयास नको. तथापि एवढे खरे की, जो तरुण आपल्या रूपाचा एवढा शौकीन होता त्याने त्या उन्हाळ्यात स्वतःला पुसून त्या जागी एका भेदरलेल्या शहराची आशा रंगविली.

वैद्य आणि धर्मपंडित ह्यांच्या परीक्षेनंतर १६२५ च्या फेब्रुवारीत त्या अस्थी रोझालियाच्याच असल्याचे घोषित झाले. जूनमध्ये त्यांची शहरातून मोठी मिरवणूक निघाली. पुढे साथ ओसरत गेली. मिरवणुकीमुळे ती ओसरली असे इतिहासकार म्हणणार नाही. प्लेगला येण्याजाण्याची स्वतःची कारणे असतात. परंतु आजही दरवर्षी जुलै महिन्यात पालेर्मोचे लोक रोझालियाचा रथ रस्त्यांतून ओढतात आणि त्यांच्या मनातील तिचे रूप पुष्कळ अंशी ह्या फ्लेमिश पाहुण्याने दिलेले आहे. करार केलेले ते मोठे चित्र, जपमाळेच्या मातेचे, त्याने जिनोआस परतल्यानंतर पुरे केले. १६२८ मध्ये ते पालेर्मोला पोहोचले. साथीच्या खुणा त्यातही आहेत: तळाशी एक लहान मूल दुर्गंधीमुळे नाकावर हात धरून पळते आहे. सान दोमेनिकोच्या प्रार्थनागृहात, ज्या वेदीसाठी ते काढले त्याच वेदीवर, ते आज चारशे वर्षे होत आली तरी आहे.

सोफोनिस्बाबाई प्लेगमधून वाचल्या आणि १६२५ च्या नोव्हेंबरमध्ये वार्धक्याने वारल्या. पालेर्मोतील जिनोआवासीयांच्या सान जॉर्जिओ चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. १६३२ साली, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली असे मानून, पतीने तेथे एक शिलालेख बसविला. माणसांच्या प्रतिमा काढण्यात त्या श्रेष्ठ होत्या, अशा थोर स्त्रीच्या मानाने ही खूण अगदी लहान आहे, असा त्याचा भाव आहे. त्याच वर्षी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने व्हॅन डाइकला सरदारकी देऊन दरबारचा चित्रकार नेमले. त्याची इच्छा पुरी झाली होती. परंतु आयुष्य थोडे होते. ९ डिसेंबर १६४१ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. सेंट पॉलच्या जुन्या चर्चमधील त्याची कबर १६६६ च्या आगीत नष्ट झाली. जिने त्याला पाठ दिला ती सुमारे त्र्याण्णव वर्षे जगली आणि तिचे नाव पुसट झाले. ज्याने पाठ घेतला तो तिच्या निम्मेही जगला नाही आणि त्याचे नाव जगभर झाले. काळाचा हिशेब असा तऱ्हेवाईक असतो.

तरीही तो हिशेब कायमचा बंद होत नाही. २०१९ साली प्रादो संग्रहालयाने सोफोनिस्बाबाई आणि लाव्हिनिया फोंताना ह्या दोन चित्रकर्तींचे मोठे प्रदर्शन भरविले, आणि ज्या दरबारात त्यांनी सहीवाचून काम केले होते त्याच शहरात त्यांचे नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २०२० च्या मार्चमध्ये, जगभर साथ पसरली आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे दरवाजे बंद झाले. आत, रिकाम्या दालनांच्या शांततेत, व्हॅन डाइकची रोझालिया होती, आणि तिच्याखाली त्याचा स्वतःचा दडलेला चेहरा. आपणही त्या महिन्यांत घरांची दारे लावून बसलो होतो. त्यामुळे १६२४ चा तो उन्हाळा आपल्याला आता पूर्वीइतका दूरचा वाटत नाही.

इतिहास लिहिणारा मनुष्यही एका अर्थी चित्रकारच असतो, आणि त्यालाही प्रकाश कोठून घ्यावा हे ठरवावे लागते. पालेर्मोच्या त्या वर्षाची हकीकत आपण सिंहासनाच्या उंचीवरून पाहिली तर एक व्हाइसरॉय, एक आर्चबिशप, एक साथ आणि एक मिरवणूक एवढेच दिसते. बाकी सगळे काळ्या सावलीत जाते. बेल्लोरीने असाच उजेड घेतला आणि त्याला एक पळपुटा दिसला. उजेड थोडा खाली आणला, एका वहीच्या पानाच्या उंचीवर आणला, की त्या सावलीतून दोन माणसे पुढे येतात. बाहेर गाड्यांची खडखड चालू आहे. आत एक आजीबाई खुर्चीत बसून, जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी, परक्या मुलखातील एका मुलाला सांगत आहेत की बाळ, प्रकाश फार वरून घेऊ नकोस. आणि तो मुलगा मान खाली घालून ते लिहून घेतो आहे.